खोगीर, बैठक आणि बारगीर

हावड्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाला वर्षभरात कधी ना कधी ‘बर्गी’ हा शब्द ऐकावा लागतोच. कधी ऑफिसात चहाच्या वेळी थट्टेत, तर कधी शेजारच्या आजींनी नातवाला झोपवताना म्हटलेल्या अंगाईगीतात. बंगाली आया अडीचशे वर्षांहून अधिक काळ आपल्या लेकरांना ज्यांचे भय दाखवून झोपवत आल्या, ते बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. आपले बंगाली सहकारी हे हसून बोलतात आणि आपणही हसून सोडून देतो. पण शब्दाचा अर्थ विचारला तर दोघांपैकी एकालाही तो नीट सांगता येत नाही.

या वर्षी स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा याच शब्दावर लिहायचे ठरवले. त्याला आणखी एक निमित्त झाले. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळींपैकी काहींची मुले-मुली नदीपलीकडे कोलकात्यात घोडेस्वारी शिकायला जाऊ लागली आहेत. पालक मोठ्या कौतुकाने बूट, टोपी घेऊन देतात, फोटो काढतात आणि महिना होण्याच्या आत मूल म्हणते, ‘मला नाही जायचे.’ कारण विचारले तर अभ्यासाचे सांगते. खरे कारण बहुतेक वेळा निराळे असते. मांड्यांच्या आतली आणि बसण्याच्या जागेची कातडी सोलवटलेली असते, आणि ते आईवडिलांना सांगायची मुलाला लाज वाटते. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या घोडेस्वार तुकडीत मी तीन वर्षे काढली आहेत, त्यामुळे हे दुखणे मला परके नाही. आपल्या पूर्वजांचे अर्धे आयुष्य घोड्यावर गेले. त्यांनी या दुखण्याचे काय केले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. तो विचारून पाहण्यासारखा आहे.

बारगीर म्हणजे कोण?

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार. ज्याला ते सरकारातून मिळे तो बारगीर. शब्द फारसी आहे. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. ‘बारगीर’चे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि पुढे शिलेदार-बारगीर हा भेद न राहता सगळेच मराठी स्वार बर्गी ठरले.

हा भेद घोड्याच्या पाठीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिलेदाराचे घोडे हीच त्याची इस्टेट. ते मेले तर पोट बुडाले, म्हणून तो त्याला जपे. पण त्याच कारणाने लढाईत ते धोक्यात घालायला कचरे. बारगिराचे घोडे सरकारी, त्यामुळे तो बेधडक पुढे जाई. पण परक्या घोड्याच्या पाठीची काळजी त्याने आपणहून घ्यावी, ही अपेक्षा भाबडी होती. म्हणून सरकारी पागेला शिस्त लावावी लागली. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना दिली आहे, तिच्यात २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांची एक हजारी, अशी चढती उतरंड आहे. त्याच रचनेत दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला दिसतो. म्हणजे पाणी आणि नाल या गोष्टी स्वाराच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या.

खोगीराचा अर्थ

आता खोगीराकडे वळू. आपण रोजच्या बोलण्यात ‘खोगीरभरती’ म्हणतो ते निरुपयोगी भरण्याला. समितीत नावापुरती घेतलेली माणसे म्हणजे खोगीरभरती, लेखात उगाच घातलेली वाक्ये म्हणजेही खोगीरभरती! मूळ वस्तू मात्र मुळीच निरुपयोगी नव्हती. खोगीर म्हणजे कापडाची किंवा नमद्याची जाड गादी. तिच्यात चिंध्या, लोकर, कापूस असे काहीबाही भरून ती घोड्याच्या पाठीवर तंगाने आवळत. आत भरलेला माल दिसायला कवडीमोलाचा, पण तोच स्वाराला आणि घोड्याला एकमेकांपासून वाचवत असे. भरती एका जागी गोळा झाली की त्या गाठीखाली घोड्याची पाठ लागे, आणि त्याच गाठीवर स्वाराची मांडी घासे. एकच गाठ दोघांना जखमी करी.

‘खोगीर’ हा शब्दही फारसीच आणि त्याचा अर्थ तर फारच बोलका आहे. ‘खूय’ म्हणजे घाम, आणि ‘गीर’ आपल्या ओळखीचाच. खोगीर म्हणजे घाम घेणारे, घाम टिपणारे. बारगीर ओझे घेतो, खोगीर घाम घेते! ज्याने हे नाव ठेवले त्याला दुखण्याचे मूळ पक्के ठाऊक असले पाहिजे. कोरडी कातडी बराच वेळ घासणे सोसते. घामाने भिजून मऊ झालेली कातडी मात्र थोडक्यात सोलवटते. दाब, घर्षण आणि ओल हे तीन शत्रू एकत्र आले की जखम ठरलेली. खोगीराखाली घालायचा नमदाही घाम टिपण्यासाठीच. इंग्रज इथे येऊन तो शब्द ‘नमना’ असा घेऊन गेले आणि आजही विलायतेत जिनाखालच्या कापडाला तेच म्हणतात.

खोगीराला एक मर्यादाही होती. नुसत्या गादीत स्वाराचा भार थेट घोड्याच्या कण्यावर येतो. लाकडी सांगाड्याचे जीन तो भार कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देते आणि मधली पन्हळ मोकळी राहते. आजच्या चामड्याच्या जिनाचे तत्त्व तेच आहे. जीन पाठीवर ठेवल्यावर मधून कण्यापाशी उजेड दिसला पाहिजे, हे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक हवे.

अंगावरचे कपडे

ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला. त्यात मराठी स्वाराच्या पोशाखाचे वर्णन आहे: गुडघा झाकणारी तंग विजार, हनुवटीखालून एक फेर घेऊन बांधलेले पागोटे, रुईभरला अंगरखा आणि कमरेला गुंडाळलेले कापड. तलवार पट्ट्याला न अडकवता बहुतेक जण त्या कापडातच खोवत. हा पोशाख दिखाव्याचा नाही, कामाचा आहे. तंग विजारीला चुण्या पडत नाहीत, आणि जिथे चुणी नाही तिथे घासणे कमी. गुडघा झाकलेला, कारण तिथेच पाय जिनाला लागतो. कमरेचे कापड पाठीला आधार देते. धोतराचा सोगा मांडीखाली घेऊन दहा कोस दौड मारता येत नाही, हे सांगायला नको.

हेच तत्त्व पुढे जोधपुरी विजारीने जगभर नेले. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला इंग्लंडात गेले आणि गुडघ्याखाली घट्ट, वर सैल अशी ती विजार तिकडे लोकप्रिय झाली. आजच्या स्वाराची ताणणारी विजार तिचीच नात. आपल्याकडे स्त्रियाही पुरुषी पोशाखातच घोड्यावर बसत. १८५८ च्या एप्रिलात झाशी पडल्यावर राणी लक्ष्मीबाई घोड्यावरून काल्पीकडे निघाल्या. त्या वाटेवर धुळीने माखलेल्या, पुरुषी वेषातल्या बाईसाहेब भेटल्याचे गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. घोड्याची पारख करण्यात राणीचा हात धरणारा कोणी नव्हता, असेही भटजी सांगतात. ज्याला घोड्याचे दुखणे कळते, तोच त्याच्यावर दूर जाऊ शकतो.

मांड कशी जमते

मराठीत घोड्यावरच्या बैठकीला ‘मांड’ म्हणतात. पक्की मांड म्हणजे गुडघे आवळून धरणे, असा नवशिक्याचा समज असतो. आमच्या तुकडीला शिकवणारे दफेदार पहिल्याच दिवशी रिकिबी काढून ठेवत आणि कदम चालीवर मैदानाच्या फेऱ्या मारायला लावत. त्या वेळी हे क्रूर वाटे. नंतर त्यातले शहाणपण कळले. रिकीब नसली की पाय आपोआप खाली लोंबतो, बसण्याची दोन हाडे जिनाच्या मधोमध टेकतात आणि कंबर घोड्याच्या चालीबरोबर हलायला शिकते. जो आवळून धरतो तो घोड्याच्या प्रत्येक पावलाला जिनावर आपटतो आणि त्याच जागी घासतो. जो सैल पण सरळ बसतो, तो आपटत नाही.

चालीचाही प्रश्न आहे. दुडक्या चालीत घोडे स्वाराला वर फेकते, नवशिक्याची कातडी जाते ती त्याच चालीत. आपल्याकडे लांबच्या मजलेला रवाल चालीचे घोडे पसंत करीत, कारण त्या चालीत हिसका कमी बसतो. ज्यांना एकामागून एक दिवस मजला मारायच्या होत्या, त्यांच्या दृष्टीने हा चैनीचा नव्हे तर टिकण्याचा मामला होता. घोडीही त्याच कामाची. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे उंचीने बेताची, पण काटक आणि थोडक्या दाणावैरणीवर राहणारी. या भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच नोंद झाली, ही आपल्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. लहान मुलांना शिकायला बुटके, रुंद पाठीचे नसलेले आणि शांत घोडे चांगले, हे आजचे शिक्षकही सांगतात. फार रुंद पाठीवर मुलाच्या मांड्या ताणल्या जातात आणि बैठक बिघडते.

चिपळूणचे पत्र

घोडा, स्वार आणि रयत यांना एका धाग्यात बांधणारा एक कागद आपल्या इतिहासात आहे. १६७३ साली पावसाळ्याच्या तोंडावर चिपळूणच्या बाजूला छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पत्र पाठवले. त्याचा आशय असा, की साठवलेला दाणावैरण आताच मनास येईल तसा उधळलात तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेकडे जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि कुणबी घर सोडून निघून जातील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते.

या पत्राकडे आपण नेहमी रयतेच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून पाहतो. ते आहेच. पण ते पागेच्या व्यवस्थेचेही पत्र आहे आणि या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नाहीत. जो आपल्या घोड्याची वेळेवर काळजी घेत नाही, तो पुढे दुसऱ्याच्या गोठ्यात शिरतो. हलगर्जीपणाची किंमत शेवटी तिसराच कोणीतरी देतो.

आणि मग बंगाल

१७४२ च्या वसंतात नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. बर्दवानपाशी त्यांनी नवाब अलीवर्दी खानाला कोंडीत धरले. मे महिन्यात मीर हबीबाच्या मार्गदर्शनाखाली स्वारांनी थेट मुर्शिदाबादवर झडप घालून जगत्सेठांची कोठी लुटली. पुढे हुगळी घेतले आणि काही काळ भागीरथीच्या पश्चिमेचा, म्हणजे आपण आज राहतो त्या तीराचा, मोठा मुलूख त्यांच्या धाकाखाली आला. पलीकडच्या तीरावर कंपनीच्या कोलकात्यात घबराट उडाली आणि शहराभोवती खंदक खणायला सुरुवात झाली. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे तिकडे आलेच नाहीत. १७९९ साली तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज आपण आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरून बसने जातो, तेव्हा आपल्याच लोकांच्या भीतीने खणलेल्या खंदकाच्या वाटेवरून जात असतो. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

त्याच वर्षी कटव्याजवळ भास्कररामांनी थाटाने दुर्गापूजा मांडली. ती चालू असतानाच अलीवर्दीने छापा घातला. १७४४ साली मानकऱ्याच्या छावणीत बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून त्यांचा सरदारांसह खून झाला. त्यानंतरही स्वाऱ्या चालू राहिल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसा भोसल्यांकडे गेला, बंगालची चौथाई वर्षाला १२ लाख ठरली.

हा झाला राजकारणाचा हिशेब. रयतेचा हिशेब गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या त्याच काळातल्या बंगाली काव्यात आहे, आणि तो वाचताना मराठी माणसाची मान खाली जाते. जाळलेली गावे, लुटलेली घरे, स्त्रियांवरचे अत्याचार, डोक्यावर गाठोडे घेऊन पळणारी माणसे. काही जण म्हणतात, त्या काळी सगळेच असे करीत. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण आपल्याच घोडदळाला सत्तर वर्षांपूर्वी रयतेचाही विचार करायला सांगणारे पत्र आपल्याच दप्तरात होते. घरापासून शेकडो कोसांवर, लुटीवर पोसली जाणारी फौज आणि दाणावैरणीची सोय नसलेली पागा असली की काय होते, त्याचे उत्तर बंगालच्या अंगाईगीतात आहे. स्वारांचे शौर्य खरे, त्यांची मांड पक्की, त्यांची दौड थक्क करणारी. पण पत्रातली दुसरी अर्धी शिकवण त्यांच्यापासून सुटली होती. शेजाऱ्यांनी थट्टेत ‘बर्गी’ म्हटले तर रागावू नये आणि दोन्ही बाजू सांगाव्यात, असे मला वाटते.

आजच्या बालस्वारांसाठी

आता मुलांकडे येतो. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीतले ते ४१ वर्षांनंतरचे सुवर्ण. त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला आणि मुंबईचा हृदय छेडा होते, दिव्यकृती सिंह होती आणि आपल्या या कोलकात्याचा अनुष आगरवालाही होता. त्याने वैयक्तिक कांस्यपदकही पटकावले. या खेळात मुली आणि मुलगे एकाच स्पर्धेत उतरतात. तेव्हा मार्ग मोकळा आहे. तो पहिल्या महिन्यातल्या सोलवटलेल्या कातडीमुळे बंद होऊ नये, एवढेच.

पहिली गोष्ट, दुखणे कोणते ते ओळखावे. मांड्या आणि कंबर दुसऱ्या दिवशी ठणकत असतील तर ते न वापरलेल्या स्नायूंचे दुखणे. दोन-तीन दिवसांत आपोआप जाते. एकाच जागी आग होणे, लाली, फोड किंवा साल निघणे हे कातडीचे दुखणे. ते दुर्लक्ष केल्यास वाढतेच.

कपड्यांत जाड शिवणीची जीन पँट टाळावी. तिची आतली शिवण नेमकी जिनाला घासते. ताणणारी, अंगाबरोबर बसणारी विजार घ्यावी आणि ती एकदा धुऊन मगच वापरावी. आतले कपडे सुती किंवा घाम सोडणारे, कडांना जाड पट्टी नसलेले असावेत. आपल्याकडची दमट हवा लक्षात घेता घोड्यावरून उतरल्यावर भिजलेले कपडे तसेच अंगावर ठेवून घरापर्यंत प्रवास करू नये. एक कोरडा जोड पिशवीत असू द्यावा. जिथे नेहमी घासते तिथे आधी थोडे व्हॅसलिन लावल्यास फायदा होतो.

रिकिबीची लांबी घोड्यावर बसण्याआधीच मोजता येते. बोटांची टोके जिनावरच्या रिकिबीच्या कडीला लावून हात सरळ धरला, की रिकीब काखेत यायला हवी. फार लांब ठेवली तर मूल तिला शोधत डावी-उजवीकडे घसरते. फार आखूड ठेवली तर सगळा भार मागे जातो. जीनही मुलाच्या मापाचे हवे. मोठ्यांच्या जिनात मूल पुढे-मागे सरकत राहते.

सुरुवात वीस-पंचवीस मिनिटांनी करावी आणि वेळ हळूहळू वाढवावा. सुट्टीत रोज दोन तास बसवून लवकर शिकवण्याचा हट्ट पालकांनी धरू नये. पहिली आणि शेवटची काही मिनिटे कदम चालच असावी. कातडी फुटली तर ती भरेपर्यंत स्वारी बंद. साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, सैल सुती कपडे घालावेत. लाली पसरत असेल, पू दिसत असेल किंवा ताप आला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आणि हे सगळे मुलाने सांगायला हवे असेल, तर आईने किंवा वडिलांनी आधी विचारायला हवे. विशेषतः मुलींना शिक्षकांशी हे बोलता येत नाही. घरात एका प्रश्नाने हे ओझे हलके होते.

शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने पहिली आहे. मूल घोड्यावर चढण्याआधी त्याने घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा. काटा, कुसळ, चिखल, वाळलेला घाम काही राहिले नाही ना, नमद्याला चुणी नाही ना, तो केसांच्या दिशेने मागे ओढून सपाट बसला आहे ना, हे पाहावे. उतरल्यावर तंग सैल करावा, जीन काढून पुन्हा हात फिरवावा. कुठे ऊन लागते का, कुठे हात लावताच घोडे अंग चोरते का, ते बघावे. वाकडे बसणारा स्वार स्वतः एका बाजूने सोलवटतो आणि घोड्याचीही तीच बाजू दुखवतो. म्हणून घोड्याची पाठ हा स्वाराचा आरसाच असतो. ज्या मुलाला ही सवय लागली, त्याची स्वतःची कातडीही सहसा शाबूत राहते, कारण एकाच गाठीने दोघे जखमी होतात हे त्याला हाताने कळलेले असते.

आपण सगळेच इथे एका अर्थाने बारगीर आहोत. घोडे दुसऱ्याचे, मुलूख दुसऱ्याचा, आपण काम करायला आलेलो. नागपूरहून भोसल्यांचे स्वार ज्या दिशेने आले, त्याच दिशेने पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली आणि तिच्याबरोबर आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे आले. त्यांनी इथे घरे केली, मुले शाळेत घातली, शेजाऱ्यांच्या पूजेला वर्गणी दिली आणि आपल्या उत्सवाला त्यांना बोलावले. आपली मुले मैदानावर घोड्यावरून जाताना एखाद्या बंगाली आजीने पाहिली, तर तिला ‘बर्गी’ हा शब्द आठवेल कदाचित. पण मुलाने उतरून आधी घोड्याचा तंग सैल केला आणि त्याला पाणी दाखवले, हेही तिला दिसेल. चिपळूणच्या पत्रातले पुष्कळसे त्यात येते.